मंद मोर्स, लांब लहरी: १३७ किलोहर्ट्झवर क्यूआरएसएसचे प्रयोग कसे सुरू करावेत

मोर्सचं एक टिंब तीस सेकंदांचं आणि एक रेघ दीड मिनिटाची. नुसतं 'के' अक्षर, म्हणजे रेघ-टिंब-रेघ, पाठवायला साडेचार मिनिटं लागतात. या वेगाचा मोर्स कानाने घेता येत नाही. तो संगणकाच्या पडद्यावर डोळ्यांनी वाचायचा असतो, आणि तिथे तो अशा वेळीही वाचता येतो जेव्हा हेडफोनमध्ये खरखरीशिवाय काहीच नसतं. हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, या पद्धतीला क्यूआरएसएस म्हणतात. 'सावकाश पाठवा' हे सांगणारा क्यूआरएस हा जुना तारायंत्री संकेत, त्याला आणखी एक एस जोडलेला. मागे लावलेला आकडा म्हणजे टिंबाची लांबी सेकंदांत: क्यूआरएसएस३, १०, ३०, ६०, १२०.

ही पद्धत लाँगवेव्हवर रुजली, कारण तिथे दुसरा इलाजच नव्हता. १३७ किलोहर्ट्झला तरंगलांबी जवळजवळ २२०० मीटर. पाव तरंगलांबीचा मनोरा उभारायचा तर तो साडेपाचशे मीटर उंच हवा. आपल्याकडे असतो दहा-पंधरा मीटरचा खांब. अशा अँटेनातून दिलेल्या ताकदीचा हजारावा भागसुद्धा बाहेर पडत नाही. तरीही हौशी प्रयोगकर्त्यांनी या बँडवरून अटलांटिक ओलांडला आहे, तो वेळेच्या जोरावर.

हिशोब आधी डोक्यात बसवा

मिनिटाला बारा शब्दांच्या मोर्समध्ये एक टिंब ०.१ सेकंदाचं असतं. तेच तीन सेकंदांचं केलं की वेग तीसपट कमी होतो. मग ग्राहकाला, म्हणजे रिसीव्हरला, तीसपट अरुंद फिल्टर वापरता येतो आणि त्यात शिरणारा गोंगाटही तीसपट कमी होतो. हा फायदा सुमारे १५ डेसिबेलचा. तीस सेकंदांच्या टिंबाला तो २५ डेसिबेलपर्यंत जातो, म्हणजे ताकद तीनशेपट वाढवल्यासारखं. १०० वॅटच्या ट्रान्समीटरला ३० किलोवॅटचं बळ मिळतं, तेही एक नवा पैसा न खर्चता. किंमत फक्त वेळेची. मोर्सचा वेग मोजायला वापरतात तो 'पॅरिस' हा शब्द ५० एककांचा, एक एकक म्हणजे एका टिंबाची लांबी. तो क्यूआरएसएस३ मध्ये अडीच मिनिटांत जातो, क्यूआरएसएस३० मध्ये पंचवीस मिनिटांत आणि क्यूआरएसएस१२० मध्ये तब्बल १०० मिनिटांत.

म्हणून सुरुवात क्यूआरएसएस३ किंवा १० ने करावी. ६० आणि १२० हे समुद्रापारच्या प्रयत्नांसाठी ठेवा. तिथवर पोचण्याआधी केलेल्या चुका शोधायला एक-एक रात्र जाते आणि उमेद खचते.

परवान्यात काय आहे ते पाहा

२००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा पट्टा हौशी रेडिओला दुय्यम वापरासाठी मिळाला. मर्यादा आहे एक वॅट ईआयआरपी, म्हणजे सगळ्या दिशांना सारखंच प्रक्षेपण करणाऱ्या अँटेनाशी तुलना करून मोजलेली ताकद. ही मर्यादा अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या ताकदीवर आहे, ट्रान्समीटरच्या वॅटवर नाही. पुढच्या सगळ्या आकडेमोडीत हा फरक लागतो. २०१२ च्या परिषदेने ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ हा मीडियमवेव्हच्या उंबरठ्यावरचा पट्टाही दिला. पण परिषदेतली नोंद आणि तुमच्या देशाचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत हे दोन्ही पट्टे २०१७ मध्ये खुले झाले. तिथे प्रक्षेपणाआधी वीज कंपन्यांच्या संस्थेकडे सूचना द्यावी लागते, कारण उच्चदाबाच्या तारांवरून त्याच फ्रिक्वेन्सींचे नियंत्रण संदेश जातात. ज्यांच्याकडे हॅम परवाना नाही त्यांच्यासाठी अमेरिकेत १६० ते १९० किलोहर्ट्झचा पट्टा फार आधीपासून आहे. तिथे शेवटच्या टप्प्याला जास्तीत जास्त एक वॅट द्यायचा, आणि अँटेना, फीडर (अँटेनाकडे जाणारी तार) व अर्थची तार मिळून लांबी १५ मीटरच्या आत ठेवायची. तुमच्या परवान्यात हा बँड नसेल तर प्रक्षेपण करू नका. ग्रहणाचे प्रयोग तेवढ्याने अडत नाहीत, आणि या छंदाचा अर्धा आनंद तिथेच आहे.

आधी ऐका, निदान काही आठवडे

ट्रान्समीटरची घाई करू नये असं माझं ठाम मत आहे. या बँडवर सगळं अवलंबून असतं ते तुमच्या घराभोवतालच्या गोंगाटावर, आणि तो ओळखायला ग्रहणाशिवाय मार्ग नाही.

बऱ्याच एचएफ रिगवर, म्हणजे शॉर्टवेव्हच्या हॅम रेडिओ संचांवर, १३७ किलोहर्ट्झ लावता येतो, पण ५०० किलोहर्ट्झच्या खाली त्या अर्धबहिऱ्या असतात. थेट सॅम्पलिंग करणारा एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा ग्राहक, सगळ्यांत बरा. स्वस्त यूएसबी एसडीआर डोंगलला अपकन्व्हर्टर (सिग्नल वरच्या फ्रिक्वेन्सीवर नेणारा जोड) लावणार असाल तर एक खाच लक्षात घ्या. लाँगवेव्हचं मोठं सुख म्हणजे दहा लाखांत एक भाग एवढी चूक इथे फक्त ०.१४ हर्ट्झ होते. पण कन्व्हर्टरने सिग्नल १२५ मेगाहर्ट्झवर नेला की तीच चूक १२५ हर्ट्झची होते. कन्व्हर्टर आणि डोंगल दोन्ही तापताना आपापल्या दिशेने सरकतात आणि पडद्यावरची सरळ रेघ तिरकी होऊन पुसट होते. कन्व्हर्टर वापरायचाच तर त्याला आणि डोंगलला एकच स्थिर संदर्भ आंदोलक द्या.

ग्राहकाची परीक्षा मोठ्या स्टेशनांवर घ्या. वेळेचे संकेत देणारी स्टेशनं चांगली: जर्मनीचं डीसीएफ७७ हे ७७.५ किलोहर्ट्झवर, ब्रिटनचं एमएसएफ आणि अमेरिकेचं डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी ६० वर, जपानचं जेजेवाय ४० आणि ६० वर, चीनचं बीपीसी ६८.५ वर. युरोपच्या आवाक्यात असाल तर हंगेरीचं १३५.६ आणि जर्मनीचं १३८.८३ ही वीजवितरणाची नियंत्रण स्टेशनं हौशी बँडच्या दोन्ही काठांवर उभी आहेत. त्यांच्यावरून फ्रिक्वेन्सी जुळवता येते, मात्र त्यांच्या जोरामुळे ग्राहक गुदमरतोही. १९० ते ५३५ किलोहर्ट्झमध्ये विमानांना दिशा दाखवणारे एनडीबी बीकन दोन-तीन अक्षरं मोर्समध्ये घोळवत बसलेले असतात. रात्री दूरचे किती बीकन मिळतात हे पाहिलं की तुमच्या व्यवस्थेची खरी कुवत कळते.

ग्रहणाला मी लूप अँटेना सुचवेन. एक मीटर बाजूचा चौकोनी लाकडी सांगाडा घ्या आणि त्यावर इन्सुलेशन असलेल्या तारेचे २० वेढे, पाच-पाच मिलिमीटर अंतर ठेवून घाला. ऐंशी मीटर तार लागेल. इंडक्टन्स एक मिलिहेन्रीच्या आसपास येतो. १३७ किलोहर्ट्झला जुळवायला सुमारे १४०० पिकोफॅरड लागतात: थोडी स्थिर धारकता आणि तिला समांतर जुना रेडिओचा गँग कंडेन्सर. जुळणी बरोबर आली की खरखर एकदम उसळी मारते, ती जागा हाताला लगेच कळते. लूपचं खरं मोल तिच्या आंधळ्या दिशेत आहे. गोंगाट एकाच ठिकाणाहून येत असेल तर लूप फिरवून तो जवळजवळ नाहीसा करता येतो. मिनी-व्हिप ही उभी, छोटी सक्रिय अँटेनाही चांगलं काम देते, पण ती घरापासून दूर, उघड्यावर हवी. तिच्या केबलचं कवच घराच्या अर्थला जोडू नका, जवळच स्वतंत्र रॉड ठोका आणि मध्ये विलगीकरण ट्रान्सफॉर्मर घाला. नाहीतर घरातला सगळा कचरा कवचावरून थेट अँटेनात चढतो.

आता गोंगाटाची शिकार. ग्राहक आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा, घराचा मेन स्विच बंद करा आणि पडद्याकडे पाहा. किती रेघा गेल्या? मग एकेक सर्किट चालू करत गुन्हेगार पकडा. चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, सोलर इन्व्हर्टर हे नेहमीचे संशयित. केबलवर अडकवायचे तयार फेराइट क्लिप इथे कुचकामी आहेत, ते मेगाहर्ट्झसाठी असतात. १३७ किलोहर्ट्झला उच्च परमेबिलिटीचा, पाच-दहा हजारांचा टोरॉइड घेऊन त्यावर केबलचे वीस-एक वेढे द्यावे लागतात, तेव्हा फरक दिसतो.

पडद्यावरचं वाचन

विंडोजवर आर्गो आणि स्पेक्ट्रम लॅब हे दोन्ही मोफत प्रोग्रॅम या कामासाठी प्रसिद्ध आहेत. आर्गोमध्ये क्यूआरएसएसचा वेग निवडला की बाकीचं आपोआप जमतं. स्पेक्ट्रम लॅबमध्ये सगळं तुमच्या हातात असतं, त्यामुळे आतलं गणित माहीत हवं.

पडद्यावर वेळ आडवी आणि फ्रिक्वेन्सी उभी मांडलेली असते. एफएफटी म्हणजे सिग्नल फ्रिक्वेन्सींच्या खान्यांत वाटणारं गणित. त्याच्या एका खान्याची रुंदी म्हणजे सॅम्पलिंगचा वेग भागिले एफएफटीची लांबी. ११०२५ भागिले ३२७६८ केलं की ०.३४ हर्ट्झ मिळतात आणि एका एफएफटीला तीन सेकंद लागतात. क्यूआरएसएस३ ला हे अगदी चपखल बसतं. क्यूआरएसएस३० साठी सॅम्पलिंग आठाने घटवा: खाना ०.०४२ हर्ट्झचा आणि वेळ २४ सेकंद. नियम सोपा आहे: एफएफटीची वेळ टिंबाच्या लांबीएवढी किंवा किंचित कमी ठेवायची. जास्त ठेवली तर टिंब आणि मधली मोकळी जागा एकमेकांत मिसळून सलग रेघ दिसते. फार कमी ठेवली तर संथपणाचा फायदा हातचा जातो. दोन एफएफटींमध्ये निम्म्याहून जास्त ओव्हरलॅप ठेवला की कडा गुळगुळीत दिसतात. ग्राहकाचं एजीसी, म्हणजे संवेदनशीलता आपोआप कमी-जास्त करणारी सोय, बंद करा. चालू असेल तर प्रत्येक विजेच्या कडकडाटाला तो संवेदनशीलता खाली ओढतो आणि तुमच्या रेघेत भोकं पडतात.

पडद्यावर उभे पट्टे दिसले तर ते विजांचे. न तुटणारी आडवी रेघ असेल तर ती बहुधा स्थानिक उपकरणाची किंवा वीजपुरवठ्याच्या हार्मोनिकची, म्हणजे त्याच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सीची. इथे फ्रिक्वेन्सी निवडताना नेहमी हुकणारी एक गोष्ट सांगतो. १३७.७०० किलोहर्ट्झ ही ५० हर्ट्झचीही अचूक पट आहे आणि ६० हर्ट्झचीही. युरोपात मंद मोर्स परंपरेने १३७.७ च्या आजूबाजूला चालतो, पण नेमक्या त्या आकड्यावर बसलात तर वीजपुरवठ्याची थरथरती रेघ तुमच्या सिग्नलवरच येऊन बसेल. १३७.७२ ते १३७.७३ च्या दरम्यान मोकळी फट असते. जिथे कुठे काम कराल तिथे पुरवठ्याच्या पटी आधी कागदावर मांडा.

ओळखीचं वाचन सुरू करताना आधी सगळ्यांत लहान तुकडा शोधा, तो टिंब. रेघ त्याच्या तिप्पट. ही दोन मापं पट्टीने पडद्यावर ताडून घेतली की पुसट अक्षरंही उलगडतात. हिवाळ्यातल्या रात्री सगळ्यांत चांगल्या, कारण विजांचा गडगडाट कमी असतो आणि दिवसा लहरी शोषून घेणारा वातावरणाच्या वरच्या भागातला डी थर विरलेला असतो. दिवसाही निराश होऊ नका. काहीशे किलोमीटरपर्यंत जमिनीलगतची लहर दुपारीसुद्धा स्थिर राहते, आणि तुलनात्मक चाचण्यांना हीच वेळ उत्तम.

ट्रान्समीटर: इथे फार अवघड काही नाही

एसआय५३५१ किंवा एडी९८५० सारखी चिप आणि एक मायक्रोकंट्रोलर, एवढ्यात फ्रिक्वेन्सी आणि कीइंग (टिंब-रेघांची उघडझाप) दोन्ही होतात. मी आठपट फ्रिक्वेन्सी काढून फ्लिपफ्लॉपने आठाने भागणं पसंत करतो. चौकोनी लहर सममित मिळते आणि पायऱ्याही आठपट बारीक होतात. क्यूआरएसएस३ साठी साधा क्रिस्टल पुरतो, फक्त तो वाऱ्यापासून झाकलेला असावा. क्यूआरएसएस६० ला संपूर्ण संदेशभर ०.०२ हर्ट्झच्या आत राहायचं असतं. तिथे टीसीएक्सओ (तापमानाचा परिणाम भरून काढणारा क्रिस्टल आंदोलक) किंवा जीपीएसने बांधलेला आंदोलक हवा.

पॉवर अँप्लिफायरला दोन मॉसफेटचा पुश-पुल स्विचिंग टप्पा आणि पॉवर सप्लायच्या फेराइटवर गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर वापरा. ८० टक्क्यांहून जास्त कार्यक्षमता सहज मिळते. लो-पास फिल्टर मात्र टाळता येणार नाही. तिसरा हार्मोनिक ४१३ किलोहर्ट्झला येतो आणि पाचवा ६८८ ला, म्हणजे थेट मीडियमवेव्ह प्रसारणात. फिल्टरमध्ये पॉलिप्रोपिलीन कंडेन्सरच घ्या, बाकीचे तापतात. हीटसिंक ठरवताना हे ध्यानात असू द्या की क्यूआरएसएस१२० मधली एक रेघ सहा मिनिटं अखंड चालते. नेहमीच्या मोर्ससाठी नेमलेला अँप्लिफायर एवढ्या वेळात पोळून निघतो.

टिंब-रेघेऐवजी फ्रिक्वेन्सी बदलण्याचा एक प्रकार आहे, डीएफसीडब्ल्यू. त्यात दोन्ही चिन्हं सारख्याच लांबीची असतात, टिंब खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणि रेघ किंचित वरच्या. संदेश निम्म्याहून कमी वेळात जातो. लांब पल्ल्यासाठी मी हाच सुचवीन, कारण रात्रीची चांगली वेळ कधीकधी तासाभराचीच असते.

अँटेना: सगळी लढाई इथेच

धरून चला की दहा मीटर उभी तार आहे आणि वर तीस मीटर आडवी, उलट्या एल किंवा टीच्या आकारात. तारेची धारकता मीटरमागे साधारण साडेपाच-सहा पिकोफॅरड, म्हणजे एकूण सव्वादोनशे. वरच्या तारेमुळे प्रभावी उंची पावणेनऊ मीटर धरता येते. यावरून प्रारण रोध, म्हणजे प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या ताकदीचा रोध, निघतो फक्त ०.०२५ ओम. जमीन, झाडं, भिंती आणि कॉइल यांच्यातला तोटा मात्र ८० ओम असू शकतो. अशा अँटेनाला १०० वॅट दिले तर तारेत १.१ अँपिअर वाहतात, बाहेर पडतात जेमतेम ३० मिलिवॅट आणि अँटेनाचा दिशेचा फायदा धरून ईआयआरपी येते ०.०९ वॅट. एक वॅटच्या मर्यादेला भिडायला याच अँटेनाला हजार वॅटहून जास्त लागतील. म्हणून ट्रान्समीटर वाढवण्याआधी अँटेना वाढवा. उंची दुप्पट झाली की प्रारण रोध जवळजवळ चौपट होतो. वरची तार झाडांपासून दूर नेली आणि अर्थच्या रॉडसोबत जमिनीवर तारा पसरल्या की तोटा घटतो. आणि मोजणं सोपं आहे: अनुनादाला जो रोध दिसेल तो जवळपास सगळा तोट्याचाच, त्यामुळे प्रत्येक सुधारणेचा परिणाम रोध मोजणाऱ्या ब्रिजवर थेट वाचता येतो.

सव्वादोनशे पिकोफॅरडला जुळवायला ६ मिलिहेन्रीची लोडिंग कॉइल लागते. ३० सेंटिमीटर व्यासाच्या पीव्हीसी नळीवर किंवा तेवढ्या प्लॅस्टिकच्या बादलीवर ३० सेंटिमीटर लांबीत सुमारे १७० वेढे घाला. प्रत्येक वेढ्याला पावणेदोन मिलिमीटर जागा, आणि एकूण तार १६० मीटर. काळं प्लॅस्टिक टाळा, त्यात कार्बन असेल तर ते तापतं. अनेक बारीक धाग्यांची लिट्झ तार मिळाली तर उत्तम, कारण या फ्रिक्वेन्सीला प्रवाह तांब्याच्या वरच्या ०.१८ मिलिमीटरातच वाहतो. पण आधी अर्थ सुधारा. तोटा ८० ओम असताना कॉइलचे चार ओम वाचवण्यात अर्थ नाही. कॉइलच्या आत फिरणारी एक छोटी कॉइल, म्हणजे व्हेरिओमीटर, हवाच. पाऊस पडला की अँटेनाची धारकता बदलते. एक टक्का बदलली तरी या उदाहरणात बाहेर जाणारी ताकद तीसेक टक्क्यांनी घटते. रात्रभर चालणाऱ्या प्रक्षेपणात व्हेरिओमीटर छोट्या मोटरला जोडून अँटेना करंट जास्तीत जास्त ठेवणं शहाणपणाचं.

जिवाची काळजी

कॉइलच्या वरच्या टोकाला व्होल्टेज किती असतं ते मोजा: कॉइलचा या फ्रिक्वेन्सीचा विरोध ५१६० ओम गुणिले १.१ अँपिअर, म्हणजे साडेपाच हजार व्होल्टच्या वर, आणि शिखर आठ हजारांच्या घरात. हे १०० वॅटला. या तारेला हात लागल्यास खोल भाजतं आणि तार टोकाशी ठिणग्या टाकत असेल तर पालापाचोळा पेटतो. उभी तार माणसं, मुलं आणि जनावरं यांच्या हाताबाहेर हवी. कॉइल बंद पेटीत, टोकं गोल आणि जाड, इन्सुलेटर लांब. प्रक्षेपण चालू असताना कॉइलपाशी जाऊन जुळणी करू नका. कमी ताकदीवर जुळवा, मग वाढवा. वादळाची चाहूल लागताच अँटेना अर्थला जोडून रेडिओपासून सोडवून ठेवा. जुळणी करताना वादळ आलं तर जुळणी सोडून द्या.

पहिला संपर्क

आधी बीकन चालवा: तुमचं कॉलसाइन (परवान्यातलं ओळखचिन्ह) क्यूआरएसएस३ मध्ये, घोळून घोळून. दूरच्या सहकाऱ्याला फ्रिक्वेन्सी आणि वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) कळवा आणि त्याच्याकडून पडद्याचं चित्र मागवा. फक्त 'दिसलं' एवढं ऐकून थांबू नका. त्या चित्रात रेघ सरळ आहे का, टिंबाच्या सुरुवातीला ती सरकते का, बाजूला सावल्या आहेत का हे सगळं दिसतं.

दुतर्फी संपर्कात अक्षरांची काटकसर चालते. दोन्ही पूर्ण कॉलसाइन एकेकदा गेली की पुढे शेवटची एक-दोन अक्षरं पुरतात. अहवालासाठी टी, एम आणि ओ ही तीन अक्षरं वापरतात. टी म्हणजे जेमतेम दिसतं, एम म्हणजे तुटक वाचता येतं, ओ म्हणजे स्पष्ट. तिन्ही अक्षरं फक्त रेघांची, त्यामुळे गोंगाटात टिंब हरवलं तरी अहवाल बिघडत नाही. क्यूआरएसएस३० मध्ये एक ओ साडेपाच मिनिटं घेतो. कोण कोणत्या मिनिटाला पाठवणार हे आधीच ठरवा, आणि ठरलेली पाळी संपेपर्यंत मधे बोट घालू नका. समोरच्याचा सिग्नल मधेच बुडाला तरी तुमची पाळी आल्यावर शेवटचं मिळालेलं पुन्हा पाठवा. अहवाल दोन्हीकडे गेला आणि दोन्हीकडून 'आर' (म्हणजे 'मिळालं') आला, तरच संपर्क पूर्ण धरायचा. सगळी चित्रं वेळेच्या शिक्क्यासह जपून ठेवा. दुसऱ्या दिवशी शांतपणे पाहताना, रात्री गोंगाट म्हणून सोडून दिलेल्या एखाद्या पट्ट्यात तिसऱ्याच कुणाचं तरी कॉलसाइन सापडतं, आणि त्याला अहवाल पाठवता येतो.